बोरा बाजारातले टाइपरायटरवाले काका आणि मामाची पेडल स्टील गिटार

फोर्टात बोरा बाजारच्या बाजूच्या एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या जिन्याखाली एक काका टाइपरायटर दुरुस्त करतात. दुकानाला पाटी नाही. मामाची पेडल स्टील गिटार मी त्यांच्याकडे जूनमध्ये नेऊन दिली आणि ती गणपतीच्या दहा दिवस आधी घरी आली. आता ती वाजते. पेडल दाबलं की सूर चढतो आणि सोडलं की जिथून निघाला तिथेच परत येतो. यातला दुसरा भाग फार महत्त्वाचा आहे, कारण आधी ज्यांनी गिटार पाहिली त्यांतल्या एकानेही सूर परत कसा येतो हे विचारलं नव्हतं.

मामा मर्चंट नेव्हीत इलेक्ट्रिकल ऑफिसर होता. 1974 साली ह्यूस्टनला जहाज लागलं असताना त्याने ही गिटार एका जुन्या सामानाच्या दुकानातून घेतली. फेंडर 400, आठ तारा, चार पेडल. गिरगावातल्या चाळीत ती आली तेव्हा लोक तिला शिवणयंत्र समजले होते, असं आई सांगते. मामा आधीपासून हवाईयन गिटार वाजवायचा. व्हॅन शिप्लींच्या रेकॉर्ड ऐकून तो शिकला. चाळीच्या गणपतीत दरवर्षी एक संध्याकाळ त्याची असायची. नंतर मामी गेली, सांधे दुखायला लागले आणि गिटार पेटीत घालून पोटमाळ्यावर गेली. मागच्या वर्षी चाळ पुनर्विकासात निघाली, मामा आमच्याकडे बोरिवलीला राहायला आला, आणि पोटमाळा रिकामा करताना ती पेटी खाली उतरवली. दोघांनी धरूनच उतरवावी लागते, एवढी जड.

ज्यांनी हे वाद्य पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हवाईयन गिटारवर डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकते आणि मींड निघते. पण कांडी सरकली की तिच्याखालच्या सगळ्याच तारा एकदम सरकतात. पेडल स्टीलमध्ये पायाखालचं पेडल फक्त ठरावीक तारा ओढतं, बाकीच्या जागच्या जागी राहतात. मामाच्या गिटारीचं स्वर लावणं ई नाइन्थ पद्धतीचं आहे. वरून खाली जी-शार्प, ई, बी, जी-शार्प, एफ-शार्प, ई, डी, बी. ई हा सा धरला तर जी-शार्प म्हणजे ग आणि बी म्हणजे प. पहिलं पेडल प ला ध वर नेतं. दुसरं ग ला म वर. तिसरं वरच्या सा ला रे वर, आणि चौथं सा ला खाली नी वर उतरवतं. म्हणजे सा वाजत राहतो आणि त्याच्या शेजारची प ची तार हळूहळू ध कडे जाते. नुसत्या कांडीने हे होत नाही. 1954 साली अमेरिकेत बड आयझॅक्स यांनी एका रेकॉर्डवर तारा वाजत असतानाच पेडल दाबून असा स्वर चढवला, आणि मग तिकडच्या सगळ्या स्टील गिटारवाल्यांना पेडल हवं झालं. मामाला ही गोष्ट तोंडपाठ आहे. तो दर वेळी ‘तारा वाजत असतानाच’ यावर जोर देऊन सांगतो.

फेंडर 400 ची गंमत अशी की हिच्यात पेडलपासून तारेपर्यंतची ओढ केबलने जाते. शो-बड, एमन्स या नावाजलेल्या पेडल स्टीलमध्ये पोटात पोलादी सळया असतात. फेंडरमध्ये बारीक पोलादी दोर, त्याच्या टोकाला हूक, मध्ये पुली आणि परत आणायला स्प्रिंगा. सळईवाल्यांच्या मानाने ही रचना साधी म्हणतात, पण फ्लाइंग बरिटो ब्रदर्स या अमेरिकन बँडमधले स्नीकी पीट क्लाइनो केबलच्या याच फेंडर 400 वर वाजवायचे, त्यामुळे साधी म्हणजे कमी प्रतीची असं समजू नये. आमच्या कामाला हा साधेपणाच उपयोगी पडला.

पेटी उघडली तेव्हा सातही केबल गंजून तांबूस झाल्या होत्या. दोन हात लावताच तुटल्या. चार पायांतला एक पाय नव्हता. कांडी हरवली होती. पिकअपमधून, म्हणजे तारांचं कंपन पकडणाऱ्या चुंबकाच्या कॉइलमधून, आवाज नव्हता. लाकडाला मात्र वाळवी लागली नव्हती, आणि ब्रिजचे (घोडीचे) छोटे दांडे, म्हणजे ज्यांच्यावर सगळा खेळ चालतो ते, शाबूत होते.

आधी मी उपनगरातल्या एका नावाजलेल्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात गेले. त्यांनी गिटार पंधरा दिवस ठेवून घेतली, आणि फोन केला तेव्हा म्हणाले, खालची यंत्रणा काढून टाकू, नवा पिकअप बसवू, म्हणजे साधी हवाईयन गिटार म्हणून वापरता येईल. मी फोन ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी गिटार परत आणली. त्यांनी पिकअप तपासायला म्हणून काढला होता, तो परत न लावता प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिला. त्या दिवशी मामा काही बोलला नाही. रात्री जेवताना म्हणाला, ‘‘राहू दे गं, माझ्यानंतर ती ठेवायला जागा कुठे आहे तुमच्याकडे.’’ मग मी ठरवलं की हे काम करायचंच.

काकांचा पत्ता आमच्या ऑफिसातल्या जुन्या हेडक्लार्कांनी दिला. ते म्हणाले, ‘‘बारीक स्प्रिंगचं काम आहे ना? मग वाद्यवाल्याकडे कशाला जाता, टाइपरायटरवाल्याकडे जा.’’ काका सत्तरीचे. वयाच्या अठराव्या वर्षापासून रेमिंग्टन आणि गोदरेज उघडत आलेत. कोर्टाच्या आवारातल्या टायपिस्टांची मशिनं अजून त्यांच्याकडे येतात. जिन्याखाली एक बाक, वर एक दिवा, भिंतीवर औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत गेजप्रमाणे लावलेल्या स्प्रिंगा. गिटार आत मावेना, म्हणून त्यांनी ती फुटपाथवर दोन स्टुलांवर उलटी ठेवली आणि गुडघ्यावर बसून बघत राहिले. बराच वेळ. मग पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘ताई, पेडल सोडल्यावर सूर परत कुणी आणायचा? केबलने की स्प्रिंगने?’’

मी म्हटलं, स्प्रिंगने आणि तारेच्या स्वतःच्या ताणाने.

‘‘मग माझंच काम आहे. कळ दाबली की दांडा जातो, त्यात विशेष काही नाही. सोडली की जागेवर बसला पाहिजे, आणि रोज त्याच जागेवर.’’

पेडल स्टीलची सगळी दुखणी या एका गोष्टीत आहेत. पुली कोरडी पडली, केबलचा दोर आतून गंजला, ब्रिजच्या दांड्यावर तारेने खाच पाडली किंवा स्प्रिंग मऊ पडली की तार वर जाते पण खाली येताना थोडीशी अडकते. कानाला वाटतं गिटार बेसूर झाली. खुंटी पिळून काही उपयोग होत नाही, कारण दोष खुंटीत नसतो. काकांना संगीतातलं काही येत नाही, ते स्वतःच सांगतात. पण अडकणं म्हणजे काय हे त्यांच्या बोटांना कळतं.

केबलचं काम मी पूर्ण पाहिलं, म्हणून सविस्तर लिहिते. जुनी केबल व्हर्नियरने मोजली, साधारण 1.6 मिमी भरली, म्हणजे इंचाचा सोळावा भाग. सायकलच्या ब्रेकची आतली तार जवळपास तेवढीच असते. काकांनी आधी जस्ताचा मुलामा दिलेली तार आणली. ती सोल्डर छान पकडते, टोकाला गोळी करून हूक बसवता येतो. मी हट्ट धरला की स्टेनलेसच हवी, कारण बोरिवलीला खाडीची हवा आहे आणि दोन पावसाळ्यांत जस्त जाईल. काका म्हणाले, बघू. स्टेनलेसला नेहमीचं सोल्डर नीट धरत नाही, हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी ॲसिड फ्लक्स लावून केलं. गिटार घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मामाने दुसरं पेडल दाबलं आणि टोकाची गोळी निसटली. केबल सटकन मागे आली आणि मामाने घाबरून पाय मागे घेतला. मी खूप चिडले होते. दुसऱ्या दिवशी लोकलच्या सामानाच्या डब्यातून गिटार परत नेली. काकांनी एक शब्दही वाद घातला नाही. सातही टोकं कापली, बारीक पितळी नळीचे तुकडे घेतले, त्यांत केबल दुमडून घातली आणि व्हाइसमध्ये दाबून नळी चपटी केली. सोल्डर नाहीच. वर एकेका टोकाला पक्कडीने धरून स्वतःच्या अंगाचा भार देऊन पाहिला. या दुसऱ्या कामाचे पैसे घेतले नाहीत. मला वाटतं हे पहिल्याच वेळी व्हायला हवं होतं, आणि तुम्ही जर असं काम देणार असाल तर पहिल्या दिवशीच सांगा: स्टेनलेस आणि दाबलेली नळी.

नवी केबल ताणावर हळूहळू लांबते. गिटारीत बसवून लांबली तर रोज सूर उतरत राहील. काकांनी त्यावर जे केलं ते माझ्या कायम लक्षात राहील. जिन्याच्या लोखंडी कठड्याला केबल बांधली आणि खालच्या टोकाला मोडीत निघालेला एक रेमिंग्टन लटकवला. पंधरा किलोंचा तरी असेल. रात्रभर. रोज रात्री दोन केबल, दोन रेमिंग्टन. सकाळी येऊन पट्टीने मोजायचे आणि पाटीवर खडूने लिहायचे. पहिल्या रात्री साडेतीन मिलिमीटर, दुसऱ्या रात्री अर्धा, तिसऱ्या रात्री काहीच नाही. तेव्हाच ती गिटारीत गेली.

स्प्रिंगा त्यांनी नागदेवी स्ट्रीटवरून आणल्या, जुन्या स्प्रिंगा सोबत नेऊन, वजन टांगून लांबी जुळवत. दोन मूळ स्प्रिंगा चांगल्या होत्या, त्या ठेवल्या. ही सवय मला फार आवडली. जे चालतंय त्याला हात लावायचा नाही. पुल्या रॉकेलमध्ये भिजवून ब्रशने घासल्या आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब दिला. ग्रीस नको म्हणाले, धूळ धरते. ब्रिजच्या दांड्यांवर तारांच्या बारीक खाचा होत्या, त्यामुळे दोन तारा झणझणत होत्या. त्या खाचा कानशीने घासायच्या नाहीत, दांड्याचा आकार बिघडतो. पाण्याच्या पॉलिश पेपरने, आधी 600, मग 1000, मग 2000, आणि शेवटी कापडावर ब्रासो. आठ दांड्यांना त्यांचा एक अख्खा दिवस गेला.

नसलेला पाय आणि कांडी लेथवर झाली. पायाला इंचाचे आटे आहेत, मेट्रिक बोल्ट दोन फेरे जातो आणि अडतो. जोर केला तर गिटारीच्या अंगातले आटे जातील, म्हणून कुणी ‘चालेल हो’ म्हणालं तर करू देऊ नका. काकांच्या ओळखीच्या लेथवाल्याने उरलेल्या पायाचे आटे मोजून तसेच पाडले. कांडी ईएन 31 पोलादाची केली, जे बेअरिंगला वापरतात. पेडल स्टीलची नेहमीची कांडी पाऊण इंचापेक्षा जाड असते, व्यास सात अष्टमांश इंच आणि लांबी तीन पूर्णांक तीन अष्टमांश. म्हणजे 22.2 बाय 85.7 मिमी. पुढचं टोक बंदुकीच्या गोळीसारखं गोल. क्रोम करायला दिली तिथे आठवडा गेला, पण अंगठ्याला लागेल असा एकही ओरखडा नाही.

पिकअप हा माझ्या मनातला सगळ्यात मोठा घोर होता. मल्टिमीटरवर काहीच वाचन येत नव्हतं, म्हणजे आतली तार कुठेतरी तुटलेली. मी पुन्हा गुंडाळायची तयारी ठेवली होती. अमेरिकन 42 गेजची इनॅमल तार लागते, आपल्याकडच्या एसडब्ल्यूजी (ब्रिटिश गेज) 46 च्या जवळची, साधारण 0.06 मिमी. केसासारखी बारीक. काकांनी हे काम स्वतः घेतलं नाही, सरळ म्हणाले मला जमणार नाही, आणि लॅमिंग्टन रोडवरच्या एका रेडिओवाल्याकडे पाठवलं. त्याने भिंग लावून पाहिलं आणि मला बोलावून दाखवलं. कॉइलचं बाहेरचं टोक जिथे जाड वायरीला जोडलेलं होतं तिथे हिरवा थर जमला होता आणि तार तिथेच तुटली होती. त्याने वरचा एक वेढा सोडवला, इनॅमल खरवडलं आणि नवा जोड दिला. मीटरवर 7.4 किलोओम आले. सगळं मिळून वीस मिनिटं. आधीच्या दुकानात हाच पिकअप मेला म्हणून फेकणार होते. तिथेच 250 के चे दोन नवे पोटेन्शिओमीटर (आवाज आणि टोनची बटणं) आणि पाव इंची जॅक घेतला. असे सुटे भाग लॅमिंग्टन रोडला मिळतात, त्यासाठी परदेशातून काही मागवू नका.

तारांचं मात्र मुंबईत कठीण आहे. पेडल स्टीलचा सेट मला कुठेच मिळाला नाही. बाहेरून मागवला तर तारांपेक्षा पाठवणी महाग पडते. मी धोबीतलावला जाऊन इलेक्ट्रिक गिटारचे दोन सेट घेतले आणि त्यांतून निवडले. हे आकडे तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागांत. अकराच्या सेटमधून 11, 14 आणि 38, दहाच्या सेटमधून 17, 26 आणि 36. साधी 20 आणि गुंडाळलेली 30 सुट्या शोधाव्या लागल्या. अकूस्टिकच्या ब्रॉन्झ तारा घेऊ नका. पिकअप चुंबकावर चालतो, ब्रॉन्झचा आवाज बारीक येतो. आणि 11 च्या चार-पाच जास्तीच्या घेऊन ठेवा. वरचा ग एवढा चढा असतो आणि वर पेडल त्याला म वर खेचतं, तीच तार सगळ्यात आधी तुटते. आमच्या दोन तुटल्यात.

खर्चाचं सांगते. काकांनी मजुरी सहा हजार घेतली, सामान वेगळं. लेथ, क्रोम, पिकअप, तारा, पोटेन्शिओमीटर आणि टॅक्सी धरून सगळे मिळून चौदा हजारांच्या आसपास गेले. पावती मिळत नाही, वहीत लिहून देतात. वेळेचं मात्र गणित पक्कं धरू नका. तीन आठवडे सांगितले होते, दहा लागले. फोन उचलत नाहीत, हात तेलात असतात. दुपारी एक ते तीन जेवण आणि झोप, तेव्हा जाऊन उपयोग नाही. पावसात गल्लीत पाणी भरतं, दोन दिवस दुकान बंद होतं आणि माझा जीव गिटारीत अडकला होता. त्यांनी ती बाकावर चढवून वरून प्लॅस्टिक बांधलं होतं, हे मला नंतर शेजारच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं.

एक गोष्ट काकांना जमली नाही आणि ती जमायची अपेक्षाही नव्हती. पेडल किती खोल जावं हे ठरवणारे स्क्रू असतात. त्यांनी ते मोबाइलवरचा ट्यूनर बघून बसवले होते, प्रत्येक सूर बरोबर हिरव्या रेघेवर. मामाने पहिल्यांदा तीन तारा एकत्र छेडल्या आणि मान हलवली. ट्यूनरचा ग तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या ग पेक्षा चौदा सेंट चढा असतो, ध सोळा सेंट (सेंट म्हणजे पेटीच्या दोन लागोपाठच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). हार्मोनियमवर ते चालवून घेतो आपण, पण स्टील गिटारचे सूर लांब टिकतात, तिथे खटकतं. तिकडचे पेडल स्टीलवालेही हे सूर कानानेच उतरवून लावतात, असं मामा म्हणतो. मी फोनवर तंबोरा लावून दिला. मामा स्टुलावर बसून, चष्मा कपाळावर चढवून, स्क्रू ड्रायव्हरने एकेक स्क्रू पाव-पाव फेरा सोडत गेला. तासभर. त्या तासात त्याने चहाही घेतला नाही.

काकांना मी गणपतीच्या तिसऱ्या दिवशी घरी बोलावलं होतं. येतील असं वाटलं नव्हतं, पण आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मामाने भूप घेतला. गंधारावर थांबला, मग पंचमावर कांडी ठेवली आणि डाव्या पायाने पहिलं पेडल इतकं हळू दाबलं की प कधी संपला आणि ध कधी लागला ते कळलं नाही. खाली सा वाजतच होता. मग तेवढ्याच हळू पाय उचलला. सूर उतरत पंचमावर आला आणि थांबला.

काका डोळे मिटून बसले होते. म्हणाले, ‘‘आला जागेवर.’’ मग थोड्या वेळाने मामाकडे वळून, ‘‘साहेब, ते चौथं पेडल पुन्हा एकदा दाबा. खाली जाताना मला जरा खरखर ऐकू आली.’’

मामाने दाबलं. मला काही ऐकू आलं नाही. काकांनी खिशातून तेलाची छोटी बाटली काढली आणि गिटारीखाली वाकले.